बरणीतले पराग कोणत्या फुलाचे?

माझ्या टेबलावर सध्या परागांच्या दोन बरण्या शेजारी-शेजारी ठेवलेल्या आहेत. पहिली माझ्या भाचीची, ऐरोलीहून आणलेली, जवळजवळ भरलेली. दुसरी मी स्वतः गेल्या महिन्यात घंटाळी मैदानावरील एका प्रदर्शनात घेतली. दोन्हींवर इंग्रजीत ठळक अक्षरांत ‘बी पोलन’, म्हणजे मधमाश्यांनी गोळा केलेले पराग, असे छापले आहे आणि दोन्हींत मोहरीपेक्षा थोडे मोठे, कोरडे, ओबडधोबड दाणे आहेत. पहिल्या बरणीतील दाणे फिकट पिवळे, नारिंगी, तपकिरी असे संमिश्र रंगांचे आहेत, तर दुसऱ्या बरणीतील जवळपास सगळे एकाच पिवळ्या छटेचे. हा रंगांतील फरक दिसायला किरकोळ असला, तरी मला आज जे सांगायचे आहे ते सारे त्या फरकाशी निगडित आहे.

मी ठाण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात सत्तावीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले. परागकण हा माझ्या आवडीचा विषय असल्याने गेली काही वर्षे ओळखीची माणसे मला सातत्याने विचारतात की, हे पराग खावेत का, त्याने ताकद येते का, गुडघे दुखायचे थांबतात का, ॲलर्जी जाते का. प्रत्येकाला तोंडी उत्तर देताना काही ना काही राहून जाते, म्हणून या वेळी सविस्तर लिहीत आहे.

प्रथम हे दाणे तयार कसे होतात ते पाहू. फुलावर उतरलेल्या कामकरी मधमाशीच्या अंगावरील केसांना परागांची भुकटी चिकटते. ती माशी पायांनी आपले अंग विंचरते, पोटात साठवलेला थोडासा मध तोंडात आणून त्याने ती भुकटी भिजवते आणि मागच्या दोन्ही पायांवर केसांच्या कुंपणाने वेढलेला जो खोलगट भाग असतो, त्यात ती दाबून-दाबून भरते. या जागेला परागटोपली म्हणतात. शेवग्याच्या किंवा नारळाच्या फुलोऱ्यापाशी सकाळी दहा मिनिटे शांत उभे राहिले, तर मागच्या पायांना पिवळे गाठोडे बांधल्यासारख्या दिसणाऱ्या माश्या कोणालाही सहज ओळखता येतील. अशा एका गाठोड्याचे वजन साधारणपणे सात-आठ मिलिग्रॅम भरते आणि एका फेरीत माशी अशी दोन गाठोडी घेऊन येते. म्हणजे आपण जो पाच ग्रॅमचा चहाचा चमचा तोंडात टाकतो, त्यासाठी निदान तीनशे फेऱ्या झालेल्या असतात.

माशीची आणखी एक सवय येथे महत्त्वाची आहे. एका फेरीत ती शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर जाते. मोहरीवर सुरुवात केली, की ती फेरी संपेपर्यंत मोहरीवरच. त्यामुळे प्रत्येक दाणा बहुधा एकाच वनस्पतीचा असतो आणि त्याला त्या वनस्पतीच्या परागाचा रंग येतो. बरणीत तीन-चार रंग दिसले, तर त्यात तीन-चार वनस्पती आहेत असे समजायला हरकत नाही.

मधपाळ हे दाणे मिळवण्यासाठी मधपेटीच्या दारात एक जाळी बसवतात. तिची छिद्रे सुमारे पाच मिलिमीटर व्यासाची असतात. माशी त्यातून अंग चोरून आत शिरते, पण पायांवरचे गाठोडे जाळीला घासून निसटते आणि खालच्या ट्रेमध्ये पडते. ताज्या दाण्यांत वीस ते तीस टक्के पाणी असते, त्यामुळे ते दिवसाच्या आत वाळवले नाहीत तर बुरशी धरतात. साधारण चाळीस अंश तापमानाच्या आसपास वाळवून पाणी सहा ते आठ टक्क्यांपर्यंत आणले, की ते बरणीत भरण्याजोगे होतात.

माशी हे सारे आपल्यासाठी करत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. मधातून तिला केवळ साखर मिळते. प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे, क्षार हे सर्व पोळ्याला मिळते ते परागांतूनच. कामकरी माश्या ते षट्कोनी घरांत डोक्याने ठासून भरतात, वर मध घालतात, आणि आत लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू ते आंबवतात. आपल्याकडे इडलीचे पीठ किंवा ताक आंबते, त्याच जातीची ही क्रिया आहे. अळ्यांना भरवणाऱ्या दाई-माश्या हे आंबवलेले पराग खातात आणि त्यावर त्यांच्या ग्रंथींतून अळ्यांसाठी पातळ खाद्य पाझरते. पराग आटले, की राणीने घातलेल्या अंड्यांतून पुढे नवी पिढी उभी राहत नाही.

आता पोषणमूल्याकडे वळते. निरनिराळ्या देशांतील परागांच्या तपासण्यांत प्रथिनांचे प्रमाण सुमारे दहा टक्क्यांपासून चाळीस टक्क्यांपर्यंत आढळले असून सरासरी वीस-बावीस टक्क्यांच्या आसपास येते. स्निग्धांश एक ते तेरा टक्के. उरलेला मोठा भाग शर्करांचा व तंतूंचा. त्याखेरीज पोटॅशियम, मॅग्नेशियम, जस्त, लोह, मँगनीज हे क्षार, ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे, पिवळ्या-नारिंगी रंगाला कारण असणारी कॅरोटिनॉइड द्रव्ये आणि क्वेर्सेटिन, केम्फेरॉल, रुटिन यांसारखी फ्लेव्होनॉइड द्रव्ये त्यात असतात. दहा टक्के आणि चाळीस टक्के यांतील अंतर पाहा. धान्यात किंवा डाळीत एवढी तफावत आपण कधी पाहत नाही. ‘परागांत अमुक टक्के प्रथिने’ असे बरणीवर छापणे म्हणजे ‘भाजीत अमुक टक्के लोह’ असे छापण्यासारखे आहे, कारण लगेच पुढचा प्रश्न ‘कोणत्या भाजीत?’ असाच येतो.

परागांतील प्रथिनांचा दर्जा चांगला आहे, हे मी निःसंकोचपणे म्हणेन. डी ग्रूट या डच संशोधकाने १९५३ साली दाखवून दिले की, मधमाशीला दहा अमिनो आम्ले आहारातूनच मिळवावी लागतात, आणि ती यादी सस्तन प्राण्यांच्या यादीशी मिळतीजुळती आहे. ज्या अन्नावर माशीची सारी पिढी पोसली जाते, त्यात आपल्यालाही लागणारी ही आम्ले असावीत यात नवल नाही. तथापि प्रश्न मात्रेचा आहे. पाच ग्रॅमच्या चमच्यातून मिळणारे प्रथिन साधारण एक ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम असते. मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ ग्रॅम असते. माझ्या बरणीची किंमत शंभर ग्रॅमला तीनशे वीस रुपये, आणि तेवढ्याच वजनाचे, प्रथिनांनी किंचित सरसच असलेले शेंगदाणे जांभळी नाक्यावर वीस रुपयांच्या आत मिळतात. प्रथिनांसाठी पराग घेणाऱ्याने हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

शिवाय, पोटात गेलेले सर्वच अंगी लागते असे नाही. परागकणाचे बाहेरचे कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या द्रव्याचे असते. वनस्पतींनी निर्माण केलेल्या सर्वांत टिकाऊ पदार्थांपैकी हा एक असून तीव्र आम्लालाही तो दाद देत नाही. हजारो वर्षांपूर्वीच्या तळ्याच्या गाळात परागकणांची कवचे जशीच्या तशी सापडतात आणि त्यावरून तेव्हाचे जंगल ओळखता येते, ते याच कवचामुळे. मधमाशीच्या पोटातही ते विरघळत नाही. कवचावरील छिद्रांतून आतला ऐवज बाहेर पडतो आणि रिकामी कवचे विष्ठेतून जातात. घोडबंदर रस्त्यावरील उंच इमारतींच्या छज्जांना आग्या माश्यांची पोळी लागतात, तेव्हा खाली उभ्या केलेल्या गाड्यांवर पिवळे ठिपके पडलेले आपण पाहतो, ते हेच. या ठिपक्यांवरून एकेकाळी जागतिक वादंग झाला होता. सोव्हिएत संघाच्या मित्रराष्ट्रांनी आग्नेय आशियात ‘पिवळ्या पावसाच्या’ रूपाने विषारी अस्त्र वापरले, असा आरोप अमेरिकेने १९८१ साली केला. पुढे मॅथ्यू मेसेल्सन आणि थॉमस सीली या शास्त्रज्ञांनी ते ठिपके म्हणजे मधमाश्यांची परागांनी भरलेली विष्ठा असल्याचे दाखवले, आणि त्यांच्या युक्तिवादात या रिकाम्या कवचांचा पुरावा महत्त्वाचा होता.

आपल्या पोटातही कवच अखंडच राहते आणि आतील द्रव्ये अंशतःच मिळतात. म्हणून कोरडे दाणे तसेच गिळण्यापेक्षा ते कुटून, किंवा रात्रभर पाण्यात, ताकात अथवा दह्यात भिजवून घेणे अधिक योग्य. पाण्यात टाकलेला दाणा काही मिनिटांत ढासळून त्याची रांगोळीसारखी बारीक पूड तळाशी बसते. चव आधी गोडसर, मग पिठूळ आणि शेवटी जिभेवर कडवटपणा रेंगाळणारी. उकळत्या दुधात किंवा चहात मात्र पराग टाकू नयेत.

आरोग्यविषयक उपयोगांबाबत जे बोलले जाते ते फार मोठे आहे, आणि माणसांवर झालेले नीटस प्रयोग फार थोडे. परागांच्या अर्कांमध्ये प्रयोगशाळेत अँटिऑक्सिडंट, दाहशामक आणि जिवाणूरोधक गुण दिसतात, उंदरांमध्ये यकृतावर चांगला परिणाम झाल्याचे अहवाल आहेत. परंतु काचेच्या नळीत दिसलेला गुण माणसाच्या शरीरात तसाच उतरतो, असे गृहीत धरता येत नाही. एक उदाहरण मला विशेष बोधप्रद वाटते. स्तनाच्या कर्करोगावर संप्रेरकरोधी औषधे घेणाऱ्या स्त्रियांना रजोनिवृत्तीसारखा त्रास होतो, अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे वाटते. जर्मनीतील संशोधकांनी अशा काही स्त्रियांना मधात मिसळलेले पराग आणि काहींना तुलनेसाठी नुसता मध दिला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन्ही गटांतील सुमारे दोन-तृतीयांश स्त्रियांनी आराम पडल्याचे सांगितले. ज्याला निरुपयोगी समजून तुलनेसाठी ठेवले होते, तो मध परागांच्या बरोबरीने उभा राहिला. याचे श्रेय परागांना द्यावे, मधाला द्यावे, की आपल्याकडे कोणी आस्थेने लक्ष देत आहे या भावनेला द्यावे? परागांना एकट्याने देता येत नाही, हे तरी त्यातून निश्चित कळते.

जाहिरातींचा इतिहास तर याहून खेदजनक आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९२ साली ॲरिझोनातील एका पराग-विक्रेत्या कंपनीवर वजन घटवणे, ॲलर्जी बरी करणे, वार्धक्य मागे सारणे असे खोटे दावे केल्याबद्दल कारवाई केली आणि त्या कंपनीला दोन लाख डॉलर भरावे लागले. पुढे तेथील अन्न व औषध प्रशासनाला ‘पराग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वजन घटवण्याच्या काही कॅप्सूलमध्ये सिब्युट्रामिन हे औषध लपवून मिसळलेले सापडले. हृदयविकाराच्या व पक्षाघाताच्या धोक्यामुळे हे औषध अमेरिकेच्या बाजारातून २०१० साली मागे घेतले गेले आणि भारतात त्यावर २०११ साली बंदी आली. परागांनी चार आठवड्यांत आठ किलो वजन उतरले असे कोणी सांगितले, तर मला प्रथम हे आठवते.

आता पहिल्या बरणीची हकीकत. माझ्या भाचीला दर पावसाळा संपताना शिंकांचा त्रास होतो. ऐरोलीत ती राहते त्या इमारतीमागे रिकाम्या भूखंडावर गाजर गवत कमरेएवढे वाढते. कोणीतरी तिला सांगितले की, परागांची ॲलर्जी परागांनीच जाते, रोज चमचाभर खायला लाग. तिने बरणी मागवली. तिच्यावर ‘शंभर टक्के नैसर्गिक, कोणताही दुष्परिणाम नाही’ असे छापलेले होते. पहिल्याच दिवशी रिकाम्या पोटी चमचाभर खाऊन ती ऑफिसला जाण्याची तयारी करू लागली, आणि दहा मिनिटांत तिचे ओठ सुजले, घशाला खाज सुटली, अंगावर गांधी उठल्या. तिने मला फोन केला तेव्हा तिचा आवाज बसलेला होता. “मावशी, घसा आवळल्यासारखा वाटतोय गं,” एवढेच ती बोलली. सुदैवाने शेजारच्या काकूंनी तिला ताबडतोब रिक्षात घालून जवळच्या रुग्णालयात नेले, तेथे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन मिळाले आणि संध्याकाळपर्यंत देखरेखीखाली ठेवून तिला घरी सोडले. पराग खाल्ल्यावर अशी तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, हे वैद्यकीय नियतकालिकांतून १९८० च्या आसपासपासून नोंदले गेले आहे. बरणीवर त्याचा एक शब्दही नव्हता, याचा मला आजही संताप येतो.

त्या आठवड्यात मी ती बरणी घरी आणली आणि जुना सूक्ष्मदर्शक काढला. प्रत्येक रंगाचा एकेक दाणा वेगळा करून पाण्यात विरघळवला, त्याचा थेंब काचपट्टीवर वाळवला, त्यावर फुक्सिन हा रंग घातलेल्या ग्लिसरीन जेलीचा तुकडा ठेवून काचपट्टी हलकेच गरम केली. परागकण गुलाबी रंग घेतात आणि नीट दिसू लागतात. फिकट दाण्यात मोठे, गुळगुळीत, एकच छिद्र असलेले गोल कण होते, म्हणजे मक्याच्या किंवा गवताच्या कुळातील. नारिंगी दाण्यात मात्र सर्वत्र काटेरी चेंडू पसरलेले होते. असे काटेरी कण ही सूर्यफुलाच्या कुळाची ओळख आहे. सूर्यफूल, झेंडू, एकदांडी या कुळात येतात आणि गाजर गवतही याच कुळातले. या कुळातील परागांची प्रथिने एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की, एकाची ॲलर्जी असलेल्या माणसाचे शरीर दुसऱ्यावरही तुटून पडू शकते. ज्या वनस्पतिकुळाने तिला दरवर्षी शिंका येत होत्या, त्याच कुळाचा ऐवज तिने अजाणता रिकाम्या पोटी चमचाभर घेतला होता.

ॲलर्जीवर लसीसारखे उपचार आहेत, पण त्यात तज्ज्ञ डॉक्टर नेमक्या ॲलर्जीकारक द्रव्याची मोजलेली, अतिसूक्ष्म मात्रा आपल्या नजरेसमोर देतात आणि ती महिनोन्‌महिने हळूहळू वाढवतात. बरणीतील चमच्यात द्रव्यही ठाऊक नसते आणि मात्राही. म्हणून दमा, शिंका, गाजर गवताने येणारे पुरळ किंवा मधमाशीच्या पदार्थांचे वावडे असलेल्यांनी परागांच्या वाटेला जाऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगते. लहान मुलांना आणि गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना मी ते देणार नाही. रक्त पातळ करणारी वॉरफेरिनची गोळी चालू असलेल्यांनीही टाळावे, कारण पराग सुरू केल्यावर अशा रुग्णाचे रक्त गोठण्यास प्रमाणाबाहेर वेळ लागू लागल्याचे प्रकरण वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहे.

ज्यांना यांपैकी काही लागू नाही आणि ज्यांना हौसेने, एक चांगला पूरक पदार्थ म्हणून पराग खायचे आहेत, त्यांनी पहिल्या दिवशी दोन-तीनच दाणे घ्यावेत, घरात कोणी असताना घ्यावेत, आणि आठवडाभरात हळूहळू अर्ध्या चमच्यापर्यंत यावे. आपल्या ठाण्याच्या हवेत बरणी ओट्यावर ठेवणे चुकीचे आहे. जून ते सप्टेंबर या काळात दोनदा झाकण उघडले तरी दाणे दमट होऊन एकमेकांना चिकटतात, आणि चिकटलेल्या दाण्यांना आंबूस वास येऊ लागला तर ते टाकून द्यावेत. घट्ट झाकणाची बरणी फ्रिजमध्ये, जमल्यास फ्रीझरमध्ये ठेवावी आणि एक वर्षाच्या आत संपवावी, कारण जीवनसत्त्वे साठवणीत घटत जातात.

या निमित्ताने ठाण्याला लागून असलेल्या येऊरचा विषय निघतो. अनेकांना वाटते की, येऊरच्या जंगलातील पराग मिळाले तर उत्तम. तेथील करवी हे झुडूप आठ वर्षांनी फुलते, २०१६ नंतर ते २०२४ साली फुलले, आणि तेव्हा माश्यांची झुंबड पाहण्यासारखी असते. पण आपल्याकडच्या देशी सातेरी माशीची पोळी लहान असतात. तिच्याकडून पराग काढून घेणे म्हणजे तिच्या अळ्यांच्या तोंडचा घास काढणे होय. बाजारात येणारे पराग मुख्यतः पेट्यांत पाळल्या जाणाऱ्या परदेशी मेलिफेरा जातीच्या मोठ्या वसाहतींचे असतात, आणि तेथेही जाळी सतत लावून ठेवली तर वसाहत खंगते.

म्हणून घंटाळी मैदानावर दुसरी बरणी घेताना मी विक्रेत्या तरुणाला आधी हेच विचारले की, जाळी किती दिवस लावता आणि पराग कोणत्या फुलाचे. पहिल्या प्रश्नाला तो लगेच म्हणाला, “ताई, आठवड्यातून तीनच दिवस, तेही सकाळचे, नाहीतर पेटी बसते.” दुसऱ्या प्रश्नावर त्याने मोबाइलवर राजस्थानातील मोहरीच्या शेताच्या बांधावर मांडलेल्या पेट्यांची छायाचित्रे दाखवली. मी म्हटले, मग हे बरणीवर का लिहीत नाही? त्याने खिशातील पेन काढले आणि छापील पट्टीच्या कडेला ‘मोहरी, डिसेंबर’ असे लिहून दिले. घरी येऊन मी निरनिराळे दाणे एकत्र विरघळवून काचपट्टी तयार केली आणि दोनशे कण मोजले. त्यांतील एकशे ब्याऐंशी कणांवर तीन खाचा आणि जाळीदार नक्षी होती, म्हणजे ते मोहरीच्याच कुळातले होते.